सतरा नंबरचा धोंडा

शारदाच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना.

तापीच्या घाटावर कावळ्यांची कधीच कमी नव्हती. एरवी माणसाच्या हातातलं भजं पळवणारी ही जात, पण त्या दिवशी सगळे समोरच्या भिंतीवर ओळीने बसून राहिले, कमिटीच्या सभेला आल्यासारखे. मग रीतीप्रमाणे जमलेल्या लोकांनी मेलेल्या बाईला वचनं द्यायला सुरुवात केली. वामनच्या मावशीने सांगितलं, "शारदे, याच्या जेवणाची आबाळ होऊ देणार नाही, मी स्वतः रांधून घालीन." कावळा हलला नाही. मावशीचा स्वयंपाक शारदाने खाल्लेला होता. मग वामनने सांगितलं, "विडी सोडतो." कावळ्याने मान दुसरीकडे फिरवली.

शेवटी उखर्डू पुढे झाला. हा शारदाचा धाकटा भाऊ, दापोऱ्याला केळी पिकवणारा, तोंडाने कमी आणि अंगाने दांडगा. तो पिंडाजवळ उकिडवा बसला आणि काहीतरी पुटपुटला. तो उठतो न उठतो तोच कावळा खाली आला आणि भाताचा घास घेऊन गेला.

"काय सांगितलंस रे?" वामनने विचारलं.

"काई नाई दाजी. घरची बात."

वामनला हे फार लागलं. संसार आपण केला आणि घरची बात याला ठाऊक! त्यानंतर तो उखर्डूशी नीट बोलेनासा झाला. विडीही त्याने सोडली नाही. कावळ्याने वचन स्वीकारलंच नव्हतं, तर पाळायचं कशाला?

वामन कमिटीत, म्हणजे नगरपालिकेत, कारकून होता. पुढच्या साली देश मोकळा झाल्यानंतरची पहिली खानेसुमारी व्हायची होती आणि नागपूरहून हुकूम आला होता की प्रत्येक शहराची हद्द नकाशावर अगदी बरोबर दाखवा. एकही घर दोनदा मोजलं जाऊ नये, एकही सुटू नये. इंग्रजांनी बऱ्हाणपूरभोवती हद्दीचे दगड पुरून ठेवले होते, प्रत्येकावर नंबर कोरलेला. वामनने सगळे शोधून काढले. कुणावर गोवऱ्या थापलेल्या होत्या, एकाला शेंदूर फासून देव केलेला होता. सगळे मिळाले, फक्त सतरा नंबरचा मिळेना.

सोळा नंबर लालबागच्या रस्त्यावर चिंचेखाली होता, अठरा नंबर नाल्याच्या काठी. मधे मालूबाईची गल्ली. सतरा नंबर गल्लीच्या पलीकडे असेल तर गल्ली शहरात, अलीकडे असेल तर गल्ली लालबाग गावात. जुन्या नकाशावर बघावं, तर नेमकी त्याच जागी घडी पडून भोक झालेलं. निजामाचं एवढं मोठं राज्य विलीन झालं, पण ही एक गल्ली कशात विलीन होईना.

तपासणीला आलेले दिगंबरराव हे खानेसुमारीचे अधिकारी. त्यांना गाडी गाठायची घाई होती.

"दगड नाही ना? मग सोळा ते अठरा सरळ रेघ मारा. महिनाअखेर नकाशा नागपूरला गेला पाहिजे."

"साहेब, सरळ रेघ मारली तर गल्ली गावात जाते. शहराचा नळ मंजूर झालाय तो जातो. या बायका लालबागच्या विहिरीवरून पाणी आणतात."

"अहो, पण पुरावा?"

तेवढ्यात मालूबाई शेळी ओढत बाहेर आली. गल्लीतलं पहिलं आणि शेवटचं भांडण तिचंच असायचं.

"साहेब, लिहून घ्या. नळ देनार असान तर मी शहरात. घरपट्टी घेनार असान तर मी खेड्यात."

"तसं चालत नाही बाई. माणूस एकाच जागी मोजायचा असतो. तुम्ही रात्री झोपता कुठे?"

"नवऱ्यापासून लांब. घोरतो तो."

दिगंबररावांनी कागद गुंडाळले. "वामनराव, महिनाअखेरपर्यंत दगड दाखवा. नाहीतर मी रेघ मारतो."

हा दगड वामन उन्हाळ्यापासून शोधत होता. तेव्हा शारदा होती, पण अंथरुणाला खिळलेली. तो संध्याकाळी घरी येऊन तिच्या उशाशी बसायचा आणि त्या अज्ञात चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. "सापडू दे एकदा, तापीत बुडवतो त्याला!" शारदा डोळे मिटून ऐकायची. एकदा एवढंच म्हणाली, "मिळेल हो. धोंड्याला का पाय असतात?"

आता घरी ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून तो मागच्या मोरीतल्या धुण्याच्या दगडाशी बोलायचा. हा दगड शारदाचा. दगड आणा म्हणून ती वर्षानुवर्षं त्याच्या मागे लागली होती. "गावातले सगळे दगड ह्यांना माहीत, घरात एक येत नाही," असं ती शेजारणींना ऐकवायची. शेवटी तिने माहेरी निरोप धाडला आणि उखर्डूने बैलगाडीतून आणून टाकला. लांब, सपाट, चांगला घडीव दगड. त्यावर ती उभ्या गल्लीला ऐकू जाईल असं धुणं आपटायची. ती गेल्यावर वामनने धुण्याला बाई लावली नाही. स्वतःच धोतर आपटायचा. साबण निम्मा मोरीत जायचा, मळ धोतरातच राहायचा. पण तेवढा वेळ तिच्याजवळ बसल्यासारखं वाटायचं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं नव्हतंच ते.

उखर्डू दर बाजाराला केळीची फणी घेऊन यायचा. फणी ओट्यावर ठेवायचा, मोरीत जाऊन दगडाकडे बघायचा, डोकं खाजवायचा आणि निघून जायचा. वामन विचारायचा नाही, तो सांगायचा नाही.

महिना संपत आला तेव्हा उखर्डू एके सकाळी गाडीच घेऊन आला. गाडीत नवाकोरा दगड.

"दाजी, हा घ्या धुन्याले. जुना मी घेऊन जातो."

वामनच्या हातात ओलं धोतर होतं. "हात लावून बघ. तंगडं मोडीन."

"नवा चांगला हाये दाजी. टाकी मारून आनला."

"तुला बहिणीची आठवण पाहिजे ना? लुगडं ने. तांब्या ने. ती पितळी परात ने, तुझ्या बापानंच दिली होती, पोचा पडलेली. पण हा दगड नाही."

"आठवन कोनाले पायजे!" उखर्डू पहिल्यांदाच ओरडला. "मी कावळ्याले जबान देल्ली हाये!"

"काय?"

"दहाव्याले. जिजीले सांगलं, तो धोंडा मी जिथचा तिथं ठेवीन. तवा कावळा शिवला. दोन महिने झाले, तुमी त्याच्यावरून उठतच नाई. मी करू काय?"

वामनने धोतर खाली टाकलं. दोघांनी मिळून दगड उलथवला. खालच्या अंगाला शेवाळ होतं. वामनने नखाने खरवडलं. आधी एक निघाला, मग सात.

"लालबागच्या टेशनावर केळी उतरवून येत होतो," उखर्डू खाली बघत म्हणाला. "गाडी रिकामी. हा आडवा पडेल होता. मले वाटलं, मैलाचा असन. एक दगड उचलल्यानं मैल काई कमी होत नाई. जिजीनं नंबर पाह्यला आन् म्हनली, तोंड खाली कर, छान धुनं होईन. मंग तुमी रोज शिव्या द्याले लागले. तवा ती घाबरली. म्हने, ह्यांची नोकरी जाईन, गुपचूप ठेवून ये. पन तिचंच दुखनं वाढलं."

वामन मोरीच्या काठावर बसला आणि हसायला लागला. चोराला तापीत बुडवीन म्हणाला होता, आणि बुडवलंच होतं की. अस्थींचं मडकं त्यानेच तर हातांनी सोडलं होतं. बोललेलं एवढं खरं करणारा कारकून कमिटीत दुसरा नसेल. तो हसत राहिला, आणि मग ते हसणं राहिलं नाही. उखर्डूने डोक्यावरचं पागोटं काढून त्याच्या हातात दिलं. वामनने त्यात नाक शिंकरलं.

"जागा आठवते?" त्याने विचारलं.

"बैल थांबला होता तिथं. कोन्या बाईच्या मांडवाचा कडबा खाल्ला त्यानं. तिनं मले शेनाचा गोळा फेकून मारला."

गाडी मालूबाईच्या गल्लीत शिरली तशी मालूबाई बाहेर धावली. "हाच तो मुडदा! याच्याच बैलानं माहा मांडव खाल्ला!"

"मावशी, मी कुठं उभा होतो?"

"कुठं म्हंजे? तिकडे, शेळीच्या गोठ्यापल्याड! शेन तिथंच तर लागलं तुले!"

गोठा गल्लीच्या पलीकडच्या टोकाला होता. उखर्डूने तिथे कुदळ मारली. हातभर माती काढल्यावर चुन्याचा जुना पाया लागला आणि त्यात दगडाच्या मापाची बरोबर खाच. मालूबाईची शेळी, मालूबाई आणि तिचा घोरणारा नवरा, सगळे शहरात आले.

महिनाअखेरीला दिगंबरराव आले, पाया बघितला, गाडीतला दगड बघितला, खूश झाले. "छान. कुठे मिळाला?"

"एका बाईने वापरात ठेवला होता," वामन म्हणाला.

"हं. उभा करा आता."

उखर्डूने दगड उचलला. वामनचा हात दगडावरच राहिला. उभा केला की याला परत कुणाचा हात लागणार नाही. ऊन खाईल, पाऊस खाईल, कुत्री तंगडी वर करतील.

"साहेब, आडवा ठेवला तर?"

"हद्दीचा दगड आडवा?"

"हुकुमात लिहिलंय, दगड आपल्या जागेवर असावा, नंबर दिसावा. खाचेत आडवा बसवतो, नंबर रस्त्याकडे करतो. उभा असावा असं कुठे लिहिलंय दाखवा."

दिगंबररावांनी हुकूम काढून वाचला. मग चष्मा पुसून परत वाचला. "वामनराव, तुमच्या डोक्यात काय आहे?"

"उभा होता तेव्हा एकदा पडला, साहेब. आडवा असलेला कुठे पडणार?"

गाडीची वेळ झाली होती. दिगंबररावांनी नकाशावर सतरा नंबरचा ठिपका गल्लीच्या पलीकडे मांडला आणि सही केली. चुना ओतून दगड बसवला. उखर्डू आकाशाकडे बघून म्हणाला, "जिजी, ठेवला बरं." वर कावळा वगैरे काही नव्हता, एक घार होती.

होळीनंतर नळ आला. तो सतरा नंबरच्या शेजारीच बसवला, कारण सपाट दगड तयारच होता.

आता दर रविवारी वामन धोतरं बगलेत मारून तिकडे जातो. घरच्या मोरीत उखर्डूचा नवा दगड आहे, त्यावर मावशी पापड वाळवते. बायका त्याला बघून पदर तोंडाला लावून हसतात, पण जागा करून देतात.

"बाबूजी, शहरात धुता का खेड्यात?" मालूबाई विचारते.

"आपटतो शहरात. मळ जातो खेड्यात."

"मंग जरा जोरात आपटा. बायकोनं सरकारी धोंडा ढापला, आन् तुमाले धुनं नाई शिकवलं?"

वामन धोतर डोक्यावरून फिरवतो आणि आपटतो. अजून तिच्याइतका आवाज निघत नाही.