भिंतीवरचा ठिपका आणि मी

थांबा. तो ठिपका गेला का? छताकडे बघा, दिव्याच्या जरा डावीकडे. गेला? नक्की? हां, मग बोलतो.

मी तुइस्कू. या नावाचा अर्थ हिमवादळ. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांनीच पुढे बोंब मारली की हा घरात नुसतं वादळ घालतो. मी जातीचा एल्कच्या शिकारीचा कुत्रा. एल्क म्हणजे घोड्याएवढं थोराड हरीण. पूर्व फिनलंडच्या आमच्या जंगलात शरद ऋतू आला की अख्खं गाव त्याच्या मागे लागतं. माझे कान टोकदार, शेपूट पाठीवर गुंडाळलेली, अंगावर करडी दाट लव. आत्ता मी धड पिल्लू नाही आणि धड कुत्राही नाही. माणसांत या वयाला काय काय ऐकून घ्यावं लागतं ते आमच्या घरातल्या साइमीला विचारा. तिला सगळं पाठ आहे.

कालेर्वो म्हाताऱ्यानं मला कोटाच्या आत कोंबून घरी आणलं तेव्हा हिवाळा सरत आला होता. बाहेर कमरेएवढा बर्फ आणि त्यावर नुकतं परतलेलं ऊन. माझ्या आधी त्या घरात रेक्कू नावाचा कुत्रा होता. तो मेला होता, म्हणून तो फार थोर होता. रेक्कू असं करायचा नाही, रेक्कू तसं करायचा नाही. मेलेल्याशी बरोबरी कशी करायची सांगा! तो आता गालिच्यावर मुतत नाही हे खरंच आहे.

त्याच दिवसांत ते घडलं. कालेर्वो टेबलाशी बसून सुरीनं वाळवलेल्या मांसाचे तुकडे करत होता. खिडकीतून तिरपं ऊन आलं, पात्यावर पडलं, आणि भिंतीवर एक ठिपका उठला. जिवंत! मी झेप घेतली. ठिपका पळाला. मी मागे. ठिपका छतावर, मी टेबलावर, कॉफीचा कप जमिनीवर. म्हातारा इतका हसला की त्याची कवळी सुटली.

झालं. मी घरातली सर्कस झालो. शेजारचा रेइनो कॉफीला आला की कालेर्वो म्हणायचा, "थांब, तुला गंमत दाखवतो," आणि पातं फिरवायचा. मी भिंतीला धडका मारायचो, ते मांड्या थोपटायचे. हिल्का आजी, म्हणजे कालेर्वोची बायको, ओरडायची, "पुरे रे, चक्कर येईल त्याला!" पण ओरडताना तीही हसत असायची. ठिपका कधी हाती लागला नाही. एकदाही नाही. तोंडात काही आलं असतं तर मी चावून मोकळा झालो असतो. पण जे कधीच सापडत नाही ते सोडायचं तरी कधी?

उन्हाळ्यात माझे पाय लांब झाले. आवाज फुटला. हाक मारली तर ऐकू यायची, पण आपल्याला मारली असं वाटायचं नाही. आणि ठिपक्यासाठी आता मला कालेर्वोची गरज उरली नव्हती. चमच्यातून ठिपका, चष्म्यातून ठिपका, सरोवराच्या पाण्यातून झाडांच्या बुंध्यांवर नाचणारे हजार ठिपके! माझी छाती फुटायला यायची. मी खायचं विसरलो. आजीचा निळ्या फुलांचा भिंतीचा कागद मी नखांनी सोलून काढला आणि खालचं लाकूड चाटत बसलो. गावातल्या श्वानवर्गात मला घातलं, तर तिथल्या बाईंच्या घड्याळाच्या काचेमागे लागून मी त्यांनाच पाडलं. दुसऱ्या आठवड्यात नाव काढलं.

मग हसणं बंद झालं. ज्या गोष्टीला टाळ्या मिळत होत्या तिलाच आता दोरीचा फटका मिळू लागला. मी तोच, ठिपका तोच, म्हातारा तोच. तुम्हीच सांगा, मी काय समजायचं?

साइमी तेव्हा आली. ती या दोघांची नात. शहरातलं कॉलेज अर्ध्यात सोडून, एक पिशवी घेऊन आली. वर्षाच्या मध्यात का आलीस, असं कुणी विचारलं नाही. इथं विचारत नाहीत. नुसते उसासे टाकतात.

"आता घरात दोन झाले," कालेर्वो म्हणाला. "एक भिंतीकडे बघत बसतो, एक फोनकडे."

"आणि एक खुर्चीत बसून दोघांकडे बघतो," साइमी म्हणाली. "काम कुणालाच नाही."

मला ती तिथंच आवडली.

आता हिल्का आजीचं सांगतो. शरद ऋतूत आमच्याकडे अंधार लवकर पडतो, आणि रस्त्यावर गाडीवाल्याला माणूस दिसावा म्हणून सगळे कोटाला दोऱ्यानं एक चकती लटकवतात. उजेड पडला की ती चमकते. आजीला या चकत्यांचं वेड. तिनं त्या माणसांना लावल्या, सायकलीला लावल्या, कचऱ्याच्या डब्याला लावल्या. तो डबा कधी रस्त्यावर गेलेला नाही. कोपऱ्यावरच्या घरातला मुलगा गाडीखाली सापडला होता, फार वर्षांपूर्वी. तेव्हापासून तिचं हे असं. अंधार पडू लागला तशी तिनं एक चकती माझ्याही पट्ट्याला लटकवली. कडक, गुळगुळीत, माझ्या पंजाएवढी. घरात आल्यावर पट्टा काढायची पद्धत नव्हती.

आणि मग ठिपके थांबेचनात! सूर्य नाही, सुरी नाही, काहीच नाही, तरी ठिपका छतावर हजर. मी मान वळवली की तो पळायचा. मी गोल फिरलो की तोही गोल. मी गरगर फिरायचो, पडायचो, उठून पुन्हा फिरायचो. झोप नाही. बरगड्या मोजता येतील असा झालो.

"मेंदूच बिघडलाय," कालेर्वो म्हणाला. त्याची नजर माझ्यावर नव्हती, कपात होती. "शिकार संपली की सौनाच्या मागे न्यावं लागेल."

सौना म्हणजे आमचं लाकडी न्हाणीघर, अंगणाच्या टोकाला. त्याच्या मागे न्यायचं म्हणजे बंदूक घेऊन न्यायचं. हे पिल्लांनाही कळतं.

"तुम्हीच त्याला वेड लावलंत," साइमी म्हणाली.

"मी? मी खेळवलं त्याला."

"खेळवलं नाही, नाचवलं. स्वतःला करमत नव्हतं म्हणून. आणि आता नाचतो म्हणून गोळी घालणार?"

"पोरी, जीभ सांभाळ. एक गोष्ट तरी शेवटापर्यंत नेलीस का आजवर?"

साइमीचे कान लाल झाले. "ही नेते," ती म्हणाली. "शिकारीपर्यंत त्याला हात लावायचा नाही. कुणीही."

त्या संध्याकाळी ती माझ्याशेजारी जमिनीवर येऊन आडवी झाली. हाक नाही, ओरडा नाही, डोळेसुद्धा माझ्यावर नाहीत. मी जिकडे बघत होतो तिकडे बघत राहिली. ठिपका छतावरून सरकला. माझी मान वळली, ठिपका वळला. तिनं हळूच हात पुढे केला आणि माझ्या गळ्याखालची चकती मुठीत धरली.

ठिपका विझला.

मूठ उघडली. ठिपका आला.

"आजी!" साइमी एवढ्यानं किंचाळली की मी टेबलाखाली गेलो. "आजी, इकडे ये! अगं, तो भ्रमिष्ट नाहीये! त्याला खरंच दिसतंय! ठिपका त्याच्याच गळ्यात बांधलाय!"

हिल्का आजी दारात उभी राहिली, ओले हात तसेच. साइमीनं दिव्याखाली चकती हलवून दाखवली. छतावर ठिपका नाचला.

"मग काय," आजी पुटपुटली, "अंधारात गाडीखाली जाऊ द्यायचा होता त्याला?" पण पट्टा तिनंच काढला.

आता तुम्हाला वाटेल, सुटलो. कसला सुटतोय! चकती गेली तरी मी छताकडेच बघायचो. ठिपका नसेल तर तो येईल म्हणून बघायचो. कालेर्वो म्हणाला, "बघ, मेंदूच बिघडलाय." म्हाताऱ्या माणसांना आपलं खरं ठरण्याची केवढी घाई असते! त्यासाठी एक कुत्रा गेला तरी चालेल.

साइमीनं मात्र अख्खं घर बदलून टाकलं. उन्हाच्या वेळी पडदे. टेबलावर चमचे नाहीत. रेइनोला दारातच घड्याळ काढायला लावलं; तो म्हणाला, "बँकेत आलोय की काय मी?" मी छताकडे टक लावली की कुणी हसायचं नाही, रागवायचं नाही, माझं नावही घ्यायचं नाही. दुपारी अंधाऱ्या खोलीत मला झोपायला लावायचं. आणि रोज सकाळी एल्कचं वाळलेलं खूर दोरीला बांधून ती ते जंगलातून फरफटत न्यायची आणि कुठंतरी झुडपात लपवून यायची.

पहिल्यांदा मी त्या मागावर नाक टेकवलं आणि... काय सांगू! जमीन बोलत होती! इथं खूर आपटलं, इथं साइमी थांबली, इथं ससा आडवा गेला, इथं ती घसरली आणि तिनं शिवी दिली. नाकानं मी ओढला गेलो, आणि शेवटी झुडपात ते खूर होतं. खरंखुरं! दातात धरता येईल असं! माझ्या आयुष्यात पाठलागाच्या शेवटी पहिल्यांदा काहीतरी तोंडात आलं. मी ते घेऊन इतका पळालो, इतका पळालो, की साइमी हसून हसून खाली बसली. हे हसणं वेगळं होतं. त्यानं पोट भरत होतं.

"दोरीला खूर बांधून फिरते," कालेर्वो रेइनोला म्हणाला. "शहरात हेच शिकवत असतील."

मग शिकारीचा दिवस उजाडला. झाडांवर पांढरं दव, दलदलीवर पातळ बर्फ, आणि आकाश निरभ्र. मला नेणार नव्हते. रेइनोची कुत्री माग काढायला होती. साइमी शेकोटीजवळ कॉफी करायला आणि मी तिच्या पायाशी.

एक बार वाजला. मग खूप वेळ काहीच नाही. मग कालेर्वो झाडांतून आला, चेहरा राखेसारखा.

"गोळी लागली," तो म्हणाला. "पण नीट लागली नाही. मादी जंगलात शिरली."

जखमी जनावर तसंच सोडून घरी जायचं, याहून मोठी लाज आमच्याकडे नाही. पोटात गोळी घेऊन ते दिवसचे दिवस मरत राहतं. ते शोधायचंच.

"माझी कुत्री लंगडतेय," रेइनो म्हणाला. "बर्फानं पंजा फाटलाय तिचा. दुसरा कुत्रा पलीकडच्या गावात."

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले आणि लगेच दुसरीकडे गेले.

"तो वेडा?" कालेर्वो म्हणाला. "दलदल उन्हात लखलखतेय नुसती. तो तिथं गोल गोल फिरेल आणि सगळा माग तुडवून टाकेल."

"तुमचा नेम चुकला, आजोबा," साइमीनं लांब दोरी माझ्या पट्ट्याला अडकवली. "त्याचं नाक अजून चुकलेलं नाही."

माग! रक्ताचा एक थेंब, आणि माझं सगळं अंग ताठ झालं. मी निघालो. पाईनमधून, ओंडक्यांवरून, साइमी मागे धापा टाकत, तिच्या मागे दोघं म्हातारे. वास गरम होता, कडू होता, भीतीचा होता. मग झाडी संपली आणि दलदल आली.

आणि तिथं ते सगळे होते. प्रत्येक डबक्यात सूर्य. बर्फाच्या प्रत्येक पापुद्र्यावर ठिपका, गवतावर ठिपका, माझ्या पंजांवर ठिपका. हजारो! माझी मान वर गेली. नाक बंद झालं. मी उडी मारली. पुन्हा मारली. गोल फिरलो.

"झालं!" कालेर्वो ओरडला. "सांगितलं होतं! आण त्याला मागे!"

साइमीनं दोरी ओढली नाही. हाकही मारली नाही. गुडघाभर गार पाण्यात ती नुसती उभी राहिली. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी फिरत होतो आणि ती थांबली होती. आणि फिरता फिरता नाकपुडीत वारा शिरला. त्यात ती होती. एल्क. दूर नाही. तिला दुखत होतं.

ठिपके तसेच होते हो. विझले नव्हते. मला ते हवेच होते. खोटं कशाला बोलू? पण त्यांतल्या कुणालाच दुखत नव्हतं.

मी नाक खाली घातलं.

दलदलीपलीकडे फरच्या दाट झाडीत ती उभी होती, मान खाली, बाजू रक्तानं काळी. मला बघून तिनं पुढचा पाय आपटला. मी भुंकलो! आतड्यापासून भुंकलो, फुटलेल्या आवाजात, न थांबता. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी तिला तिथंच धरून ठेवलं, नुसत्या आवाजानं. साइमीनं मला मागे ओढून घेतलं. कालेर्वो गुडघ्यावर बसला. यावेळी त्याचा हात हलला नाही. एकच बार. ती खाली बसली, झोपायला बसावी तशी.

शेकोटीपाशी कॉफी फिरली. कालेर्वोला कंठ फुटला. "नाक बघितलंस? पिल्लांतून मी निवडला होता. बघताक्षणी ओळखलं मी."

"कालपर्यंत तर गोळी घालणार होतास," रेइनो म्हणाला.

कालेर्वोनं सुरी काढली. माफी? छे. तो शब्द या वयाच्या माणसांच्या तोंडात मावत नाही. त्यानं एल्कच्या काळजाचा एक तुकडा कापला, वाफाळता, आणि पातं झटकन मांडीखाली लपवून, रिकाम्या हातानं तो माझ्यापुढे धरला. साइमीनं ते बघितलं. मीही बघितलं. ती म्हणाली, "कॉफी घेणार का अजून?" आणि तो म्हणाला, "घेतो." सौनाच्या मागची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

मी बरा झालोय असं समजू नका. मघाशी विचारलं ना तुम्हाला छताचं? वाईट दिवस येतात. तेव्हा साइमी दिवा मालवते आणि शेजारी येऊन बसते.

तुमच्या घरात असं कुणी अर्धवट वयाचं असेल, दोन पायांचं किंवा चार, आणि ते एखाद्या विचित्र गोष्टीमागे गरगर फिरत असेल, तर आधी हसू नका आणि मग मारू नका. त्याच्या गळ्यात तुम्ही काय बांधलंय ते एकदा बघा. आणि त्याला असं काहीतरी शोधायला द्या, जे शेवटी खरंच सापडतं.

बास. साइमी बूट घालतेय. बाहेर पहिला बर्फ पडलाय, आणि त्यावरून कोण कोण चालून गेलंय ते कुणी पुसायच्या आत मला हुंगायचंय. दार! साइमी, दार उघड ना!