भंगारमावशीच्या पोटातली गोळी

मी एक जुनी भंगारमावशी आहे. मित्रांनो, हसू नका. हे नाव मला स्कूटरचं गॅरेज चालवणाऱ्या दोघी बहिणींतल्या थोरलीनं दिलं. माझं डोकं म्हणजे पाडलेल्या घरातलं स्टीलचं सिंक, पोट म्हणजे तेलाचं रिकामं पिंप आणि काळीज म्हणजे टाकून दिलेल्या कूलरचा पंप. पोटातलं साबणाचं पाणी वर चढवायचं, स्कूटरच्या भागांवरची काजळी धुवायची, पाणी पुन्हा पोटात घ्यायचं. स्वस्थ बसणं मला ठाऊकच नाही.

मला जोडलं धाकटीनं. त्याआधी दोघी बहिणी परातीत रॉकेल ओतून भाग घासत आणि संध्याकाळी त्या वासानं डोकी धरून बसत.

"ही भाग धुणार, की आपणच हिला धुवत बसायचं?" थोरली म्हणाली.

"ताई, आधी चालवून तर बघ!"

पहिलाच पिस्टन लखलखीत निघाला. "बरी आहे गं तुझी मावशी," थोरली पुटपुटली. तिच्या तोंडून एवढं म्हणजे सत्कारच!

पण गरज सरो, वैद्य मरो. माझ्या तोंडावरची, म्हणजे सिंकच्या भोकावरची जाळी फाटली. धाकटी ती बदलायला सांगत राहिली, थोरली "बघू गं" म्हणत राहिली. तळाशी गाळ साचला, पाणी चढवताना मला धाप लागू लागली.

एके दिवशी थोरलीनं दूधवाल्याच्या स्कूटरचा कार्बोरेटर माझ्यात धुतला. त्यातली मिरीएवढी पोलादी गोळी फाटक्या जाळीतून थेट माझ्या पोटात! भाग पुन्हा जोडताना ती सापडेना.

"तूच टेबल आवरलंस ना? नेहमीचा धसमुसळेपणा!"

"मी हात नाही लावला, ताई."

"मग काय गोळीला पाय फुटले?"

धाकटीचा चेहरा उतरला. "पेट्रोलपंपवाले कधीचे बोलावताहेत मला कामाला. उद्यापासून तिकडेच जाते," म्हणाली आणि चालू लागली.

गोळी इथे आहे, हे सांगू कशी? मी घरघरले, अडखळले, पाणी उडवून थोरलीला भिजवलं.

"आता तूही? थांब, भंगारातच घालते तुला!" तिनं बटण बंद केलं आणि रागारागानं पिंप पालथं केलं. गाळ पसरला. फरशीवर काहीतरी टणकन वाजलं.

थोरलीनं ती गोळी उचलली. मग जाळीच्या भोकातून बोट घालून पाहिलं आणि तशीच, चिखलभरल्या हातांनी बाहेर धावली. पालथ्या मला रस्ता दिसेना. नुसता आवाज आला.

"अगं थांब! गोळी मिळाली. माझ्याच हातून गेली होती."

असं पालथं पडून वाट बघणं मला सोसवत नाही हो!

शेवटी चपला वाजल्या, दोघींच्या. धाकटीनं मला सरळ केलं, थोरली फरशीवरचा गाळ सुपलीत भरू लागली.

मित्रांनो, यंत्रांचा गाळ वेळेवर काढत जा. आणि काही हरवलं, तर माणसावर ओरडण्याआधी तो गाळ एकदा उपसून बघा. वस्तू तळाशी पडून वाट बघते. माणूस निघून जातो, आणि हाक मारल्यावर वळेलच असं नाही.