दुपट्यावरच्या मुंग्या

शिवकन्या गेली हे वस्तीला मंगळवारी दुपारी कळलं. पहाटे ती घरीच बाळंत झाली होती. रक्त थांबेना म्हणून मी तिला गाडीत घालून बीडकडे निघालो आणि रस्त्यातच ती गेली. तिला घेऊन परत आलो तेव्हा लिंबागणेशजवळच्या आमच्या वस्तीवर माणूस मावत नव्हता. मुलगा झाला म्हणून बघायला आलेल्या बायाच रडायला लागल्या.

मुलगा माझ्या आईजवळ होता. दोन दिवस ती येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगत होती, "लई गुणाचं लेकरू हाय. एक दुपटं खराब केलं न्हाई. आजीला तरास नको म्हणतंय." ऐकून बाया डोळ्यांना पदर लावायच्या. मलाही बरं वाटायचं. बाळाला पहिल्या दिवशी काळी, चिकट शी व्हावी लागते. चार लेकरं वाढवलेल्या माझ्या आईला हे ठाऊक होतं. पण घरातून मयत निघालेलं. कुणाला सुचलं नाही.

गुरुवारी सकाळी त्याचं पोट ताणून चकाकायला लागलं. दूध ओकलं, ते हिरवं. रडायचं तेही बारीक झालं. बायकोला जाऊन अजून दोन दिवस झाले नव्हते.

"दवाखान्यात नेतो," मी म्हणालो.

धर्मराज चुलता आडवा आला. "अरे उत्तरेश्वर, दवाखान्याच्या वाटंवरच सून गेली ना बे? आता लेकरूबी त्याच वाटंनं न्हेतो का? तिचा जीव गुंतलाय ह्याच्यात. सुग्रीवबाबाला बोलावलंय."

मी थांबलो. हे मला लिहायलाच पाहिजे. मी थांबलो.

सुग्रीवबाबा आला तोवर अंगण पुन्हा भरलं. त्यानं बाळाकडे बघितलंही नाही. डोळे मिटले आणि म्हणाला, "माय दारात उभी हाय. लेकराला संगं न्यायचं म्हणून तिनं त्याची शीची वाट बांधलीय."

आई दाराकडं वळली. "पोरी, सोड गं माझ्या नातवाला!" ती मोकळ्या हवेत हात जोडायला लागली. मी दाराकडे बघितलं. माझी शिवकन्या, जिला कोंबडी कापलेली बघवायची नाही, तिची मला भीती वाटली.

बाबानं शिवकन्येचंच लुगडं आडवं बांधायला लावलं. आत तो, बाळ आणि त्याची झोळी. बाहेर आम्ही.

"गाठ सुट, वाट फुट! माय माघारी, लेक दारी! फूः!"

असं त्यानं किती वेळा म्हटलं कुणास ठाऊक. मधे बाळ ठसकलं, त्याच्या तोंडात भस्माचं पाणी घातलं होतं. मग बाबा बाहेर आला. हातात दुपटं, दुपट्यावर काळा, चिकट डाग.

"वाट सुटली!"

बाया रडत हसल्या. चुलत्यानं जयजयकार केला, त्यात माझाही आवाज होता. बाबानं दुपटं तुळशीच्या कट्ट्यावर पसरलं आणि बजावलं, "सांजेपस्तोर लेकराला हात लावायचा न्हाई. गाठ परत बसंल."

तेवढ्यात गावची आशा सेविका वर्षाराणी आली. तिसऱ्या दिवशी बाळ बघायला घरी यायचं हे तिचं कामच. गर्दी बघून ती कट्ट्याजवळ थांबली, वाकली.

"दादा, ह्याला मुंग्या कावून लागल्यात?"

काळ्या डागावर मुंग्यांची रांग लागली होती.

"चमत्कार हाय बाई," बाबा म्हणाला. "मुकं जनावरबी दर्शनाला येतं."

वर्षाराणीनं बोट लावून वास घेतला. "ही काकवी हाय. काजळी कालवलेली." ती गर्दीकडे वळली. "सगळे ऊसतोडीला जाता ना? घ्या, वास घ्या. तुमाला न्हाई कळायचा तर कुणाला?"

वास घ्यायला फक्त वस्तीवरचा कारभारी आजा पुढं आला. हुंगून म्हणाला, "बाबा, भाकरीसंगं खायला आणलीवती का?" कुणीतरी झोळी उपडी केली. काकवीची डबी घरंगळली. बाबाचा पाय तोवर वाटेला लागला होता.

हसू फुटलं, पण वर्षाराणी हसली नाही. तिनं लुगडं बाजूला केलं, बाळाला अलगद वळवलं आणि मला हाक मारली. "दादा, हिकडं बघा."

जिथं शीची जागा असते तिथं नुसती कातडी होती. बारीकसा खळगा. भोक नव्हतंच.

दोन दिवस आम्ही दुपटं बघत होतो. लेकरू कुणीच बघितलं नव्हतं.

मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत मी त्याच्या नाकापुढं बोट धरून बसलो होतो. डॉक्टर राजश्रीबाईंनी नाकातून पोटात नळी घालून साठलेलं काढलं, मग सांगितलं, "काही हजार बाळांत एखादं असं जन्मतं. पोटात असतानाच आतड्याचा शेवट नीट तयार होत नाही. ह्यात आईचा दोष नाही, ग्रहणाचा नाही, कुणाच्या नजरेचा नाही."

"बाई, बाबा म्हणालता, तिनं वाट बांधली."

"बांधली नाही हो. वाट बनलीच नव्हती. ती आम्ही बनवू. पण अजून अर्धा दिवस उशीर झाला असता तर आतडं फुटलं असतं."

तिथल्या बाकड्यावर मी शिवकन्येची माफी मागितली.

त्याच दिवशी शी बाहेर यायला पोटावर वाट काढली. चार महिन्यांनी खालची जागा तयार केली. आता तो सात महिन्यांचा आहे. आई त्याच्या पोटावरची शीची पिशवी बदलते आणि भरलेली पिशवी बघून "शाबास" म्हणते.

ज्यांच्या घरी लेकरू येणार आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. जन्मल्याबरोबर त्याला वळवून बघा. एका दिवसात शी झाली नाही, पोट फुगलं, हिरवं ओकलं, तर कुणाला विचारत बसू नका, दवाखाना गाठा. मेलेली आई लेकराचं वाईट करत नाही. ती काहीच करू शकत नाही. जे करायचं ते आपल्यालाच करायचं आहे.

पोटावरची वाट बंद करायचं तिसरं ऑपरेशन बाकी आहे. सुग्रीवबाबा आता माजलगावकडे गादी लावून बसतो असं ऐकलं. त्याच्यावर तक्रार द्यायची तर जयजयकारात माझाही आवाज होता हे सांगावं लागेल. ती तक्रार मी अजून दिलेली नाही.