गुरुवारची सुट्टी शिकलेली फाईल

मी एक जुनी फाईल आहे, मित्रांनो. पण कपाटात धूळ खाणारी नव्हे. माझा जन्म नेरळच्या एका ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर झाला. उज्वलाताईंनी मला चौकटी आखून दिल्या आणि 'नेटवर्कडेज' नावाचं सूत्र दिलं. दोन तारखा सांगा, मधले कामाचे दिवस मी पापणी लवायच्या आत सांगत असे. पहिला आणि शेवटचा दिवसही मी धरते. साहेब माझी तारीफ करत आणि मी मनातल्या मनात फुगत असे.

पुढे ताईंना मोहोपाड्याजवळच्या एका कारखान्यात हजेरीचं काम मिळालं. पेन ड्राईव्हमध्ये बसून मीही गेले. तिथला नियम असा की एक जानेवारीपासून तीस एप्रिलपर्यंत ज्याचे शंभर कामाचे दिवस भरतील, त्याचं नाव कायम होण्याच्या यादीत जाईल. यादी तीस तारखेला संध्याकाळी पाचच्या आत वर पाठवायची होती, पुढची यादी थेट वर्षाने.

पॅकिंगमधला कपिल खालापूरकडच्या गावातून सायकलने येई. त्याने एकही खाडा केला नव्हता. ताईंनी त्याच्या तारखा मला दिल्या आणि मी ऐटीत सांगितलं, सत्त्याऐंशी. उचलली जीभ, लावली टाळ्याला! कपिल नुसता बोटांवर दिवस मोजत उभा राहिला. घड्याळात साडेचार झाले होते.

तेवढ्यात कँटिनच्या येसूबाई चहा घेऊन आल्या. काय झालं ते ऐकून त्यांनी किटली खाली ठेवली.

"उज्वला, रविवारी माझी चूल कवा बंद होती गं? परवाच्या रविवारी साठ ताटं वाढली मी. ह्यो कपिल पयल्या पंगतीला होता. आपली सुट्टी गुरुवारी हाय."

ताईंनी कपाळावर हात मारला. नेरळच्या ऑफिसची शनिवार-रविवारची सुट्टी मी या कारखान्यावर लादत होते. इथे विजेचा भार वाटून जावा म्हणून कारखान्याची सुट्टी गुरुवारी, शनिवार-रविवार यंत्रं चालूच. मला फार लाज वाटली. सुट्टीचा वार बदलता यावा म्हणून ताईंनी माझ्या सूत्राला 'इंटल'ची शेपटी जोडली आणि फक्त गुरुवारच्या सुट्टीचा पंधरा हा क्रमांक घातला. मी पुन्हा मोजलं, लीप वर्षाचा एकोणतीस फेब्रुवारीही धरून. एकशे चार.

येसूबाई हसल्या. ताईंचा हात यादीकडे गेला, तेव्हा कपिल हळूच म्हणाला, "मॅडम, थांबा जरा. सव्वीस जानेवारी, धुळवड, पाडवा आन् भीमजयंती, चार दिवस कंपनी बंद होती. ते वजा करा. मी आलोच नाय."

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्या एका रिकाम्या रकान्यात त्या चार सुट्ट्या लिहिल्या. आकडा उतरला. बरोबर शंभर. पाचला दहा कमी असताना कपिलचं नाव यादीत चढलं, तेव्हा मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा साहेबांच्या तारिफेनेही कधी वाटला नव्हता.

आता फाटकावर बोट लावायचं मशीन आलं आहे. महिनोन्‌महिने मला कोणी उघडत नाही, वाईट वाटतं. पण तीस एप्रिल आला की ताई मशीनचा आकडा माझ्याशी ताडून पाहतात. कपिलची ओळ अजून तशीच आहे.

मित्रांनो, दिवस मोजायचं काम मला खुशाल सांगा. पण कोणता दिवस कामाचा, हे आधी ज्याने काम केलं त्याला विचारा.