पुतुलिकचा टँकर

घरोघरी काय कमी पडतं, याच्या सरकारी पाहणीचं काम मला दिलं, तिथंच घोळ झाला. उत्तर ध्रुवाकडच्या आमच्या गावात पाण्याचा टँकर एकच आणि तो चालवतो माझा नवरा, पुतुलिक. त्रेपन्न घरांच्या टाक्या, बर्फात रुतणारा रस्ता आणि माणूस एकटा. पाणी कमी पडतं असं पाहणीत दिसलं, तरच दुसरा टँकर आणि दुसरा ड्रायव्हर मिळणार होता. नाहीतर हा या हिवाळ्यात अंथरूणच धरणार, हे मला दिसत होतं.

मी दारोदार हिंडले. वीज कितीदा गेली, हीटरला तेल पुरलं का, सीलचं मांस कधी संपलं, लोक घडाघडा सांगायचे. पाण्याचं नाव काढलं की मात्र, "रोज येतं की!" अरे, मोरीत खरकट्या भांड्यांचा ढीग मला दिसत नाही का?

शेवटचं घर सिआसी आत्याचं, म्हणजे पुतुलिकच्या वडिलांच्या बहिणीचं. शेगडीवर पातेलंभर बर्फ वितळत होता.

"आत्या, किती दिवस पाणी नव्हतं?"

"कुठं नव्हतं? भरपूर आहे."

"मग हा बर्फ?"

"चहाला. टँकरच्या पाण्याला औषधाचा वास मारतो."

"आणि अंघोळही चहानंच करतेस का?"

आत्या भडकली. "नवऱ्याची कागाळी बायकोच्याच हाती लिहून देऊ? पोर मरमर राबतंय. उद्या साहेब त्यालाच झापतील. कुणी काही सांगणार नाही तुला, आलुकी!"

मला रडूच फुटलं. "आत्या, तो आमच्या घरची टाकी सगळ्यात शेवटी भरतो. पाच दिवस माझ्या टाकीत थेंब नाही. काल पायऱ्या चढताना धाप लागून खाली बसला. तुम्ही सगळे त्याला वाचवताय की मारताय?"

आत्यानं पातेलं शेगडीवरून उतरवलं. मग तिनं गावच्या रेडिओला फोन लावला. तो घराघरात दिवसभर चालूच असतो आणि फोनवरचं बोलणं त्यावर थेट ऐकू येतं.

"मी सिआसी बोलतेय. माझ्याकडं सहा दिवस पाणी नाही. पुतुलिकच्या स्वतःच्या घरात पाच दिवस नाही. त्याच्यावर माया असेल, तर आलुकीला खरं सांगा."

मी घरी पोचले तर फोन वाजतच होता. दुपारभर मी जुने आकडे खोडून नवे लिहीत होते.

तेवढ्यात टँकर दारात थांबला. पुतुलिक अवेळीच परतला होता. टँकरमध्येही रेडिओ असतो. आता हा चिडणार, म्हणून मी जीव मुठीत धरून दार उघडलं.

"पाच घरांनी टाकीला नळी लावूच दिली नाही," तो म्हणाला. "म्हणाले, आधी तुझं घर भर."

आणि तो पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला.