अर्डिसच्या अंगणातले कुरण

अर्डिस गेली हे मला कळले, त्या सकाळी तिचा नवरा व्हर्लिन दवाखान्यातून एकटाच परतला. घरात न जाता तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "ती गेली," एवढेच म्हणाला. दुपारपर्यंत चर्चमधल्या बायका जेवणाची झाकलेली भांडी घेऊन दारात आल्या.

मित्रांनो, मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या कुरणाचे एक जुने झाड आहे. माझी पाने उत्तर-दक्षिण रोखून उभी राहतात, म्हणून मला होकायंत्राचे झाड म्हणतात. एके काळी इथे जिकडे पाहावे तिकडे आम्हीच होतो. मग नांगर आले, मका आला. आम्ही उरलो ते जुन्या दफनभूमीच्या कोपऱ्यात, कारण तिथे कोणी नांगर घालत नाही. तिथूनच अर्डिसने आमचे बी आणले आणि अंगणातली हिरवळ खणून काढून पेरले.

कित्येक वर्षे मी फक्त मुळे वाढवली. अर्डिस धीराने वाट पाहत राहिली. दर वसंतात ती वाळलेले गवत जाळायची, व्हर्लिन पाण्याची नळी धरून उभा असायचा. त्या राखेतून आम्ही जोमाने उठायचो. कडेने हातभर पट्टा ती नीट कापून ठेवायची. हे माजलेले रान नाही, मुद्दाम लावलेले आहे, हे लोकांना कळावे म्हणून.

मी तिच्या डोक्याहून उंच गेले, पिवळ्या फुलांनी भरले. शेजारचा मर्ल कुंपणावरून चिडवायचा, "अर्डिस, तुझ्या गवतात माझी गाय हरवेल गं!"

"हरवू दे. दूध मी काढीन," ती म्हणायची.

या वसंतात कोणी जाळले नाही. कडेचा पट्टाही वाढला. मग एका शनिवारी मर्ल गवत कापायचे यंत्र घेऊन आला. घरातले माणूस गेले की शेजाऱ्याने न विचारता अंगण कापून द्यायचे, ही इथली रीत.

"तू बस रे व्हर्लिन. एवढं रान तुझ्याच्यानं कुठं आवरणार?"

व्हर्लिनच्या तोंडून निघाले, "बरं. आभारी आहे, मर्ल."

तेव्हापासून मर्लने एकही शनिवार चुकवलेला नाही. मी पान काढते, तो कापतो. मुळांत साठवलेले घेऊन मी पुन्हा उठते, पण साठा संपत आला आहे. माझ्या बाजूची दोन झाडे आता उठत नाहीत. ओरडायला मला तोंड नाही.

काल व्हर्लिन गुडघे टेकून बसला. माझ्या कापल्या देठाचा चीक त्याच्या बोटांना लागला. "अर्डिस, त्याला कसं नको म्हणू गं?" तो म्हणाला. "तुझ्या शवपेटीला त्यानं खांदा दिलाय."

मित्रांनो, कुणाच्या दुःखात मदतीला जाल, तेव्हा आधी विचारा. आणि तुमच्या माणसाने लावलेले कुणी कापत असेल, तर तोंड उघडा.

आज शुक्रवार. व्हर्लिनने मर्लला अजून सांगितलेले नाही.