हातगुण

"हात आधी ऊन करून घे. आणि डोक्याकडे जायचं नाही. डोकं डॉक्टरांचं, पाय आपले."

काम शिकवणाऱ्या थोरल्या सिस्टर कधीच निवृत्त झाल्या, पण त्यांचा आवाज ताईंच्या कानातून गेला नव्हता. दोन्ही तळहात एकमेकांवर घासून त्यांनी न्हावीदादांचा पाय मांडीवर घेतला.

रुग्णालयात सगळे त्यांना 'पायवाल्या ताई' म्हणत. मेंदूतल्या गाठीवर किरणं घेऊन माणसं गळून जात, त्यांना मळमळे, झोप लागत नसे. ताई त्यांचे पाय चोळून देत, मनगटावर हलका दाब देत, श्वास संथ घ्यायला शिकवत. डॉक्टर वाटेत भेटले तर मान हलवत, एवढाच ताईंचा मान.

"डोक्यालाही जरा तेल लावा की," दादा डोळे मिटूनच म्हणाले. "जन्मभर लोकांची डोकी रगडली, आणि माझ्या डोक्याला म्हणे हात लावायचा नाही."

"कातडी भाजल्यासारखी झालीय, दादा. डॉक्टर हो म्हणू देत, मग बघू."

"केस मात्र छान उतरवले हो या किरणांनी. इतकं साफ मलाही जमलं नसतं."

ताई हसल्या. दादांची बायको हसली नाही. दादांचा श्वास संथ झाला, तशी तिनं स्टूल जवळ ओढलं.

"ताई, किरणं बंद करायची ठरवलंय मी. तिथून आले की ओकतात, भिंत धरून चालतात. तुमचा हात लागला की लेकरासारखे झोपतात. हातगुण आहे तुम्हाला. घरी येत जा रोज, तुम्हीच बरं करा ह्यांना."

ताईंचे हात थांबले. उभ्या जन्मात त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं. सासूबाई तर 'हिच्या हाताला चव नाही' म्हणता म्हणता वर गेल्या. 'हातगुण' हा शब्द ताईंनी क्षणभर मनात धरून ठेवला. मग सोडून दिला.

"वहिनी, माझ्या हातानं झोप येते. गाठीला माझा हात कळतसुद्धा नाही."

"मग ह्यांना बरं वाटतं ते खोटं का?"

"खरंच आहे ते. पण त्यानं गाठ थांबायची नाही. किरणं सोडून माझ्या भरवशावर राहणार असाल, तर मी येणार नाही."

वहिनींचा चेहरा उतरला. "म्हणजे तुम्हीही त्यांच्यातल्याच."

"असेन. ओकाऱ्यांचं डॉक्टरांच्या कानावर घातलंत?"

"रोज काय तेच रडगाणं गायचं त्यांच्यापुढे?"

"गायचं. औषध बदलून देतात ते."

"भांडू नका गं," दादा म्हणाले. ते जागेच होते. "जाईन मी. पण जाळीच्या मुखवट्यात तोंड आवळून निजवतात, आणि सगळे बाहेर निघून जातात. हिला बघवत नाही, ही खाली जिन्याशी बसते. बाहेर आलो की दारात ओळखीचं माणूस हवं. बसाल का, ताई?"

"बसेन की."

"उद्या ताईंची सुट्टी आहे," वहिनी तुटकपणे म्हणाल्या.

"असू दे. येते मी."

ताईंनी लगेच वॉर्डातल्या सिस्टरांना ओकाऱ्यांचं सांगितलं. संध्याकाळी डॉक्टर येऊन औषध बदलून गेले. वहिनी मात्र खिडकीकडे तोंड करून बसल्या, ताई निघाल्या तरी वळल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून म्हणाली, "आई, आज सुट्टी ना? पडा की जरा."

"आहे सुट्टी."

"मग निघालात कुठे?"

"एकांकडे बसायला."

वहिनी आज बोलतील की तोंड फिरवतील, कुणास ठाऊक. ताईंनी अर्धा राहिलेला चहा तसाच झाकून ठेवला, चपला पायांत सरकवल्या, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि सावलीच्या कडेकडेनं चालू लागल्या.